रोमने ख्रिस्ती धर्म निर्माण केला नाही, ताब्यात घेतला

ख्रिस्ती धर्म ही रोमन सम्राटांनी गुलामांना गप्प बसविण्यासाठी रचलेली युक्ती होती, असे मानणारा एक पक्ष पुरोगामी वर्तुळात नेहमीच आढळतो. जोसेफ ॲटविल या अमेरिकन लेखकाने २००५ साली तर एक सबंध ग्रंथ लिहून, शुभवर्तमाने ही बंडखोर ज्यूंना शांत करण्यासाठी फ्लेवियन सम्राटांनी लिहवून घेतली, असे प्रतिपादन केले. धर्मसंस्थेविषयी मुळातच साशंक असणाऱ्या आपल्या साथींना हे मत चटकन पटते. ते खोटे आहे. आणि खोटे असून क्रांतिकारक भासते, म्हणून अधिक घातक आहे.

साधा कालक्रमच पाहावा. फ्लेवियन घराण्याचा पहिला सम्राट व्हेस्पेशियन गादीवर आला इ.स. ६९ मध्ये, जेरुसलेमचे मंदिर पडले ७० मध्ये. पॉलची पत्रे त्यापूर्वी, इ.स. ५० ते ६० च्या सुमारास लिहिली गेली, आणि करिंथपासून रोमपर्यंत ख्रिस्ती मंडळ्या तेव्हाच नांदत होत्या. ६४ साली रोम जळाले, तेव्हा आळ घालण्यासाठी नीरोला ख्रिस्ती लोक राजधानीतच सापडले. जे आधीच अस्तित्वात होते, ते पुढल्या राजाने कसे रचावे?

आणि हे लोक होते तरी कोण? इ.स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा प्रांताधिकारी प्लिनी याने सम्राट ट्रेजनला पाठविलेले पत्र उपलब्ध आहे. या पंथात काय चालते हे काढून घेण्यासाठी आपण दोन दासींना यातना दिल्या, असे तो निर्विकारपणे कळवितो. या दासी आपल्या मंडळीत सेविकेचे पद सांभाळीत होत्या. रोमन कायद्याने जिला वस्तू मानले, तिला या मंडळीने पदाधिकारी केले होते. एंगल्सने १८९४ साली आरंभीच्या ख्रिस्ती लोकांची तुलना आधुनिक कामगार चळवळीशी केली, ती काही भाविकपणे नव्हे. संपूर्ण चळवळच दरबारी कारस्थान ठरविणारे पंडित त्या दोन दासींच्या हातून त्यांची एकमेव कृतीही काढून घेतात.

यावर प्रतिपक्षाचा हुकमी पत्ता म्हणजे पॉलचे रोमकरांस पत्र. सत्ताधीशांच्या अधीन राहा, असा उपदेश त्यात आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच नव्या करारात प्रकटीकरण हे पुस्तक आहे, आणि त्यात रोमचे चित्र रक्ताने झिंगलेल्या वेश्येचे आहे. कोणता राजा स्वतःच्या खर्चाने असे पुस्तक लिहवून घेईल? डेशियसने २५० मध्ये प्रत्येकाला देवतांना बळी वाहून तसा दाखला घ्यावयास लावले. डायोक्लेशियनने ३०३ मध्ये ख्रिस्ती ग्रंथ जाळले, प्रार्थनास्थळे पाडली. स्वतःच घडविलेले हत्यार कोणी असे भट्टीत घालीत नाही.

खरी गोष्ट सुरू होते ती ३१३ पासून, आणि ती कारस्थानाहून कितीतरी बोधप्रद आहे. कॉन्स्टंटाइनने जप्त मालमत्ता तर परत केलीच, शिवाय धर्मोपदेशकांना नगरसेवेच्या सक्तीच्या कामांतून सूट दिली. ही कामे म्हणजे शहरातील मालदारांच्या गळ्यातील धोंड होती. सूट मिळताच धनिकांच्या अंगात अशी भक्ती संचरली, की त्यांना उपदेशक होण्यास मनाई करणारा कायदा सम्राटाला लवकरच करावा लागला! पुढे ३२६ मध्ये त्याने सांगून टाकले, की या सवलती फक्त अधिकृत चर्चला मिळतील. पाखंडी आणि फुटीर यांना नाहीत. ताबा घेतला जातो तो असा.

३२५ च्या निकियाच्या परिषदेत सम्राटाने बायबल कापून शिवून घेतले, ही कथाही निराधार आहे. धर्मग्रंथांची यादी तेथे ठरलीच नाही. एरियसचा वाद त्याला क्षुल्लक वाटत होता, आणि तसे त्याने ३२४ मध्ये दोन्ही पक्षांना लिहिलेही होते. त्याला हवी होती एकी. म्हणूनच एरियसला आधी हद्दपार करून नंतर परत बोलाविण्यात त्याला अडचण वाटली नाही, आणि ३३७ साली मृत्युशय्येवर त्याने बाप्तिस्मा घेतला तोही एरियसच्या पाठिराख्या बिशपकडून. उलट एरियसचा कट्टर विरोधक अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला आणि अखेर त्याचाच सिद्धांत टिकला. सम्राटांचे राज्य चर्चच्या तिजोरीवर आणि पदांवर चालले. लोकांच्या श्रद्धेवर ते तितके सुखाने कधीच चालले नाही.

अर्थात दार आतूनही उघडले गेले. बिशपांची उतरंड, चर्चची मालमत्ता, त्यांचे व्यवस्थापक हे सारे ३१३ पूर्वीच तयार होते. सरकारी कृपेची पहिली थैली येताच नेते कसे शहाणे होतात, हे आपल्या कार्यकर्त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. चौथ्या शतकातच गँग्राच्या परिषदेने, धर्माच्या नावाखाली गुलामाला मालकाचा अव्हेर करण्यास शिकविणाऱ्याला बहिष्कृत ठरविले.

सर्वांनीच मान तुकविली नाही. उत्तर आफ्रिकेतील डोनॅटसच्या अनुयायांनी, चर्चशी सम्राटाचा संबंध काय, असा उघड सवाल केला. त्यांच्या बाजूने खेड्यापाड्यांतील श्रमिकांच्या टोळ्या उठल्या आणि सावकारांना कर्जवसुली करणे कठीण झाले. अखेर ४११ मध्ये कार्थेज येथे शाही अधिकाऱ्याने त्यांच्याविरुद्ध निवाडा दिला, आणि ४१२ च्या कायद्याने प्रत्येकाची शिक्षा त्याच्या दर्जानुसार ठरविली: सर्वोच्च उमरावांना पन्नास पौंड सोन्याचा दंड, गुलामांना धन्याची ताकीद, आणि जमीन कसणाऱ्या कुळांना वारंवार फटके.