सातबारा नसलेल्याचे मरण मोजणार कोण?

पऱ्हाटी कमरेच्या वर गेली की आमच्या नेर तालुक्यात फवारणीचा हंगाम भरात येतो. पाठीवर पंप बांधून जो माणूस वावरात शिरतो, तो अनेकदा त्या वावराचा मालक नसतो. तो रोजमजूर असतो, भूमिहीन असतो, आणि पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका मजुराची पत्नी कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आली. फवारणी करून आलेला नवरा दोन दिवसांत गेला होता. मदतीसाठी ती एका कार्यालयात गेली, तेव्हा तिला दोन प्रश्न विचारण्यात आले. पहिला, सातबारा आहे का? दुसरा, तो फवारणीनेच मेला कशावरून?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिनेच देऊन टाकले होते. "वकीलसाहेब, आमच्याजवळ वावर असतं तं तो दुसऱ्याच्या वावरात कायले गेला असता?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र तिच्याजवळ नव्हते. खरे सांगायचे तर, कायद्याची पदवी घेऊनही ते आमच्याजवळ नव्हते.

"कशावरून?" हा प्रश्न मुळात वाईट नाही. चिकित्सा हा तर आपल्या चळवळीचा प्राण आहे! पण ज्याच्या हाती सत्ता आहे, तपासणीची साधने आहेत, त्याने स्वतः काहीही न तपासता हा प्रश्न विधवेच्या तोंडावर फेकावा, हा कुठला न्याय? म्हणूनच आम्ही या प्रश्नाच्या मुळाशी जायचे ठरविले. त्याचे उत्तर शोधणारे शास्त्र आहे. त्याला साथरोगशास्त्र म्हणतात. नाव साथीचे असले तरी कोणता आजार कुणाला होतो, का होतो आणि कुणाला होत नाही, हे ते शोधते. आपल्या कार्यकर्त्यांनी ते समजून घेतलेच पाहिजे.

२०१७ चा पावसाळा आठवा. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. सरकारने विशेष तपास पथक नेमले. पऱ्हाटी उंच वाढली, हवा दमट होती, औषधांची मिसळ केली, मजुरांनी हातमोजे आणि मास्क घातले नाहीत, अशी कारणे पुढे आली. म्हणजे मरणाऱ्यावरच मरणाचा ठपका! परंतु यादी फक्त रुग्णालयात पोहोचलेल्यांची होती. अशी यादी म्हणजे शास्त्रातला एफआयआर. त्याशिवाय खटला उभा राहत नाही, पण एफआयआर म्हणजे निकाल नव्हे. ज्यांनी तशीच उंच पऱ्हाटी, तशाच दमट हवेत फवारली आणि ज्यांना काही झाले नाही, त्यांच्या हातात कोणते औषध होते, कोणता पंप होता? हे विचारल्याशिवाय कारण कळणार कसे?

हेच विचारण्याची पहिली रीत म्हणजे केस-कंट्रोल अभ्यास. ज्यांना आजार झाला ते एका बाजूला, त्यांच्याचसारखे पण आजार न झालेले दुसऱ्या बाजूला, आणि दोघांचाही मागचा इतिहास तपासायचा. डॉल आणि हिल यांनी १९५० साली लंडनच्या रुग्णालयांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण आणि दुसऱ्या आजारांचे ७०९ रुग्ण यांची अशीच तुलना करून सिगारेटला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

हे सारे इंग्लंडातच होते असे समजू नका. श्रीजित मिश्र यांनी २००६ साली शेतकरी आत्महत्यांवर केलेल्या अभ्यासात यवतमाळ, वाशीम आणि वर्धा जिल्ह्यांतील आत्महत्याग्रस्त १११ कुटुंबे आणि आत्महत्या न झालेली १०६ कुटुंबे यांची तुलना केली. आत्महत्याग्रस्त कुटुंबांवर कर्ज जास्त आढळले, बैल कमी आढळले, उत्पन्न कमी आढळले. "दारू पितात म्हणून मरतात" असे म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचे तर ते अशा तुलनेतूनच द्यावे लागते. मात्र एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या अभ्यासाचा विषय शेतकरी होता. मजुराच्या घराची अशी तुलना कुणी करायची?

दुसरी रीत कोहॉर्टची. यात आजार होण्याआधीच माणसांची नोंद करायची आणि वर्षानुवर्षे त्यांच्या मागे राहायचे. त्याच डॉल-हिल यांनी १९५१ साली ब्रिटनमधील सुमारे ४० हजार डॉक्टरांची नोंद करून हेच केले. तिसरी रीत गावागावांत प्रयोगाची. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली, ४७ गावांशी तुलना केली आणि बालमृत्यू रोखता येतात हे १९९९ साली जगापुढे मांडले. अर्थात औषधाचा प्रयोग करता येतो, विषाचा नाही. मजुराला मुद्दाम विष देऊन कुणी शास्त्र सिद्ध करू शकत नाही. म्हणून विषाच्या बाबतीत "प्रयोगाने सिद्ध करा" म्हणणारा एकतर अडाणी असतो किंवा लबाड!

चौथी रीत एकाच वेळच्या पाहणीची. केरळातील कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर २० हून अधिक वर्षे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. तिथल्या ११७ मुलांची तुलना फवारणी नसलेल्या गावातील ९० मुलांशी केली गेली. फवारणीच्या गावातील मुले उशिरा वयात येत असल्याचे त्यात आढळले. अशा पाहणीतून आधी काय आणि नंतर काय हे नेहमी कळत नाही, ही तिची मर्यादा. तरीही तिथल्या लोकांच्या हाती लढायला कागद आला. पुढे १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली.

आता आपल्या बांधवांनाही दोन शब्द. मोर्चाच्या पत्रकात आपण एका गावातील मृत्यू मोजतो आणि कारण ठोकून देतो. विरोधी वकील पहिल्याच तारखेला विचारतो, शेजारच्या गावात किती मेले? आपण गप्प बसतो. ही चूक आपण सुधारली पाहिजे.

मात्र व्यवस्थेची लबाडीही ओळखली पाहिजे. "अभ्यासात सिद्ध झाले नाही" आणि "अभ्यासच झाला नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवाणी दाव्यात निर्विवाद पुरावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे कुणाकडे झुकते ते पाहिले जाते. अभ्यास न करणाऱ्या सरकारला त्याच्या अभावाचा फायदा का मिळावा?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत शेती क्षेत्रातील ११,२९० आत्महत्यांपैकी ५,२०७ शेतकऱ्यांच्या तर ६,०८३ शेतमजुरांच्या आहेत. म्हणजे मजूर जास्त! आणि आत्महत्येच्या मदतीचे निकष मात्र जमीन आणि कर्ज यांभोवती फिरतात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. हंगामापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीत फवारणी करणाऱ्यांची नोंदवही ठेवा. त्यात भूमिहीनांची नावे घ्या. कोणते औषध, कोणता पंप, किती तास, ते लिहा. ऑर्गनोफॉस्फेट औषधे फवारणाऱ्यांची हंगामाआधी आणि नंतर रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी करा. सरकार करीत नसेल तर नोंदवहीची सुरुवात आपल्या तरुणांनी आपापल्या वस्तीतून करावी. त्यासाठी एक वही आणि एक पेन पुरे आहे.

ती बाई पिशवी घेऊन परत गेली, तेव्हा तिच्या नवऱ्याचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. पुढच्या बाईला तरी "कशावरून?" या प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे. ते उत्तर तयार ठेवणे आपल्या हाती आहे.