मुष्टियोद्ध्याचे गुरुपद

निवृत्त मुष्टियोद्ध्याने स्वतः ठोसे खाल्लेले असतात, म्हणून तो उत्तम प्रशिक्षक होणारच, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. ठोसे खाल्ल्याने सोसणे म्हणजे काय हे कळते, यात शंका नाही. परंतु आपल्या सोसण्याचे माप दुसऱ्याच्या देहाला लावण्याचा मोहही त्याच अनुभवातून उत्पन्न होतो.

१ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिला येथे मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांच्या लढतीच्या चौदा फेऱ्या संपल्या होत्या. फ्रेझर यांचे डोळे सुजून समोरून येणारा ठोसा दिसेनासा झाला होता. तरी त्यांना अखेरची फेरी लढावयाची होती. प्रशिक्षक एडी फच यांनी ती लढू दिली नाही. फच हे तरुणपणी हौशी मुष्टियोद्धे होते. हृदयाच्या दोषामुळे व्यावसायिक होऊ शकले नाहीत.

पुढे फ्रेझर स्वतः प्रशिक्षक झाले. शिष्य होता पुत्र मार्व्हिस. अवघ्या दहा व्यावसायिक लढतींच्या शिदोरीवर त्याला २५ नोव्हेंबर १९८३ रोजी अजिंक्य लॅरी होम्ससमोर उभे करण्यात आले. पहिल्याच फेरीत सारे आटोपले. ठोसे मारता मारता खुद्द होम्सच पंचाला लढत थांबविण्याची खूण करीत होता! जगज्जेता आणि पिता या दोन्ही नात्यांनी जे दिसावयास हवे होते, ते दिसले नाही.

याचा अर्थ निवृत्त खेळाडू या कामास नालायक, असा नव्हे. फ्रेडी रोच हे फच यांचेच शिष्य. थांबण्याचा गुरूचा सल्ला डावलून ते काही लढती लढले. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी फच यांच्या हाताखाली उमेदवारी केली आणि पुढे मॅनी पॅकियावला घडविले. पार्किन्सनने जडावलेले त्यांचे शरीर त्यांच्या शिष्यांना रोज दिसते.

ही उमेदवारीच आपल्याकडे बिनमहत्त्वाची ठरते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम आहे. परंतु अनुभवी प्रशिक्षकाजवळ कोपऱ्यात बसून लढत केव्हा थांबवावी हे शिकणे वर्गात होत नाही. पदक हेच प्रमाणपत्र समजून प्रशिक्षकपद बहाल करणे हा सत्काराचा प्रकार झाला, नेमणुकीचा नव्हे. अर्थात तिशी-पस्तिशीत निवृत्त होणारा, बहुधा गरीब घरातला खेळाडू दोन वर्षे बिनपगारी उमेदवारी करू शकणार नाही. त्या दोन वर्षांचे वेतन सरकारने अथवा क्रीडा संघटनांनी दिले पाहिजे, आणि नेमणूक त्यानंतरच व्हावी.