जीर्णोद्धार चालत्या यंत्राचा

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1960 च्या दशकाच्या आरंभापासून बाहेर पडलेल्या जावा आणि पुढे येझदी या नावाच्या मोटारसायकली, 1996 मध्ये तो कारखाना बंद पडल्यानंतरही, महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या परसदारी पोत्याखाली झाकलेल्या अवस्थेत उभ्या आहेत. आणि त्यांपैकी एखादीचा जीर्णोद्धार करावा अशी ऊर्मी आज बेताच्या उत्पन्नाच्या तरुणांतही दिसू लागली आहे, ही मी मोठ्या समाधानाची गोष्ट मानतो. तथापि या ऊर्मीचा ओघ बहुधा प्रथम रंगाकडे आणि टाकीवरील क्रोमकडे वळतो, तेथेच गाठीचा पैसा संपतो, आणि आरशासारखी लखलखणारी गाडी पहिल्या घाटात दगा देते. माझे मत असे की, ज्याचा हात आखडता आहे त्याने डोळ्यांना न दिसणाऱ्या भागांवर आधी खर्च करावा आणि दिसणाऱ्या भागांना खुशाल काही वर्षे जुन्याच रंगात राहू द्यावे.

अर्थात सर्वांच्या आधी दस्तऐवज. चेसिसवरील व इंजिनावरील क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहिल्यावाचून एक पैचीही बयाणा रक्कम देऊ नये.

मग इंजिन. टू-स्ट्रोक यंत्रात क्रँककेसची पोकळी हवाबंद असावी लागते, आणि ते काम क्रँकच्या दोन्ही टोकांवरील रबरी सील करतात. त्यांची किंमत अल्प असते, म्हणूनच त्यांच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. डायनामोच्या बाजूचा सील गेला की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणातील पेट्रोलचे आणि त्याबरोबर तेलाचेही प्रमाण घटते, पिस्टन तापतो आणि अखेर इंजिन सीज होते. क्लचच्या बाजूचा गेला तर तिकडचे तेल ओढले जाऊन पांढऱ्या धुराचा लोट निघतो, आणि मालक मात्र कार्बोरेटरला दोष देत बसतो. क्रँक स्वतः दाबून बसविलेल्या तुकड्यांची असल्यामुळे कनेक्टिंग रॉड बदलायचा म्हणजे तो जोड प्रेसवर उकलायचा, नवा रॉड व बेअरिंग घालून पुन्हा दाबायचा आणि दोन्ही बाजूंचे आस एका रेषेत आले की नाही हे डायल गेजवर तपासायचे. हे काम घाईचे नव्हे आणि हातोडीचेही नव्हे. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या, लेथकामाची परंपरा असलेल्या वस्त्यांत ते जाणणारे वयोवृद्ध मिस्त्री अजून भेटतात. त्यांची मजुरी घासाघीस न करता द्यावी, कारण तीत एका आयुष्याचा अनुभव समाविष्ट असतो.

राहिला प्रश्न गाडीला आपल्या आवडीप्रमाणे नटविण्याचा. त्याला माझा विरोध नाही. परंतु कॅफे रेसरच्या हौसेपायी चौकटीचा मागला भाग कापणे आणि आवाजासाठी सायलेन्सरच्या आतील जाळ्या काढणे यांना मी विध्वंस समजतो. वाहनाच्या नोंदीतील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही, हे मोटार वाहन अधिनियमाचे कलम 52 सांगते आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच निःसंदिग्धपणे बजावले आहे. याउलट, सहा व्होल्टच्या मिणमिणत्या दिव्याऐवजी बारा व्होल्टची व्यवस्था बसवून जुना डायनामो जपून ठेवणे, अथवा आपल्या पाठीला मानवेल अशी बैठक शिवून घेणे, हे बदल मला सर्वस्वी उचित वाटतात. कारण पुढच्या मालकाला ते चार बोल्ट सोडवून मागे घेता येतात.

सरकारी धोरणाविषयी मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची तजवीज केली, हे स्तुत्यच झाले. पण नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि वर रस्त्यावर नियमित वापरास मनाई! प्रदर्शने आणि मिरवणुका ही संग्राहक धनिकांची गरज होय. रविवारी शेजारच्या गावापर्यंत जाऊन येणाऱ्या शिक्षकाची किंवा फिटरची ती नव्हे. टू-स्ट्रोकचा धूर उपद्रवी असतो, हे मी नाकारीत नाही, आणि म्हणूनच अमर्याद मुभा मागत नाही. दुचाकीसाठी हे शुल्क दोन-तीन हजारांवर आणावे, महिन्याकाठी ठरावीक अंतर चालविण्याची सवलत द्यावी, आणि ती सवलत दरसाल इंजिनाची व धुराची तपासणी उत्तीर्ण होणाऱ्या गाडीलाच मिळावी. तपासणीस बसणाऱ्या अधिकाऱ्याशेजारी एखाद्या जुन्या मिस्त्रीला मानधन देऊन बसविले, तर सीलचा धूर कोणता आणि तेलाचा कोणता, हे त्या दफ्तरालाही कळेल.