दोष एका भिंतीचा, मजुरी साऱ्या घराची का अडवता?

नेसरी आणि आसपासच्या खेड्यांत कामे घेणाऱ्या गवंडी, फरशीवाले, सुतार व रंगारी बांधवांची एक तक्रार नेहमीची आहे. काम पुरे होते, मालक राहायलाही येतो आणि शेवटचा हप्ता मागितला की उत्तर मिळते, "भिंतीला ओल आली, आता पैसे विसरा."

कामात दोष असेल तर तो दुरुस्त करून देणे आपले कर्तव्यच आहे. परंतु एका भिंतीपायी साऱ्या घराची मजुरी अडवणे हा न्याय नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुरुस्तीपुरती रक्कम मालकाने राखावी, बाकीची चुकती करावी. तोंडी सांगून करून घेतलेले जादा कामही फुकटात जात नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७० सांगते की, फुकट करण्याचा हेतू नसताना रीतसर केलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याने त्याचा मोबदला दिला पाहिजे.

मात्र रागाच्या भरात बसवलेले दरवाजे काढून आणू नयेत. फिर्यादी व्हायचे तिथे आपणच आरोपी होतो. वस्तू आपल्या दुकानात कामाला आली असेल तर गोष्ट वेगळी. काम ठरल्याप्रमाणे पुरे केले असेल, तर मजुरी मिळेपर्यंत ती ठेवून घेण्याचा हक्क कलम १७० देते. पण उधारीची मुदत कबूल केली असेल, तर हा हक्क राहत नाही. कायद्याने शिंप्याचेच उदाहरण देऊन हे सांगितले आहे.

घराच्या कामात आपला आधार एकच, कागद. दर, माप, हप्ते आणि जादा काम लिहून सही घ्यावी. तक्रारही मालकाकडून लेखीच मागावी. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ च्या कायद्यात १५ दिवसांत लेखी हरकत न आल्यास माल किंवा सेवा स्वीकारली असे धरले जाते आणि पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. बांधकामाच्या ठेक्याला हा कायदा लागू होतो का, याबाबत न्यायालयांत मतभेद झाले आहेत. म्हणून वकिलाचा सल्ला घ्यावा.

"आज देतो, उद्या देतो" यात वर्षे घालवू नयेत. पैसे देण्याची तारीख ठरली नसेल, तर काम झाल्यापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. त्या मुदतीत मालकाने बाकी लेखी कबूल करून सही दिली, तर मुदत नव्याने सुरू होते. कोर्टाची पायरी चढण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून लोकअदालतीत तडजोड करता येते. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो.

मुदतीचा व्यवहार, लहान असो वा मोठा, लिहून ठेवावा, ही शिकवण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच. ओळखीच्या माणसाकडे कागद मागताना आपण संकोचतो. तो संकोच सोडला, तर मजुरीही वाचेल आणि ओळखही.