हळदीचा वायदा आणि शेतकरी

वायद्याचें नांव काढतांच आमच्या शेतकरी बंधूंना सट्टा आठवतो, आणि तें अगदींच चुकीचें नाहीं. सेबीच्या 2024 सालच्या अभ्यासाप्रमाणें, मागील तीन वर्षांत शेअरांच्या वायदे-विकल्पांत उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकीं 93 तोट्यांत गेल्या. वखारींत माल असणाराची गोष्ट मात्र निराळी.

कांजूरमार्ग येथील एनसीडीईएक्स बाजारांत हळदीचा एक वायदा 5 टनांचा, म्हणजे 50 क्विंटलांचा. शिजवून वाळविलेली तितकी हळद जवळ असेल त्यानेंच तो विकावा. वायदा खरेदी करण्याच्या वाटेस शेतकऱ्यानें जाऊंच नये. विकल्यावर भाव क्विंटलमागें 500 रुपये चढला, तर 25,000 रुपये लगोलग रोख भरावे लागतात. घरची हळदही तितकीच महागलेली असते खरी, पण ती अजून विकलेली नसते. ह्या ओढाताणींतच सौदा अर्ध्यावर मोडण्याची पाळी येते. तेवढी शिल्लक नसेल त्यानें, ठराविक रक्कम भरून विक्रीचा केवळ हक्क घेण्याची सोय असल्यास ती पत्करावी. बुडाली तर तेवढीच रक्कम बुडते.

सोयाबीन व हरभरा यांचे वायदे 2021 सालीं सेबीनें थांबविले. पीक उभें असतां कुंपण काढून नेण्यासारखें हें झालें, असें आमचें स्पष्ट मत आहे.