‘फोरबेअर’ आणि आपला ‘पूर्वज’

इंग्रजी समीक्षेतील ‘फोरबेअर’ या शब्दासाठी मराठीत ‘पूर्वज’ हा प्रतिशब्द निःशंकपणे योजला जातो. कोशाच्या दृष्टीने तो चूक नाही; समीक्षेच्या दृष्टीने मात्र तो तपासून घ्यावा लागेल.

‘फोरबेअर’मधील ‘बेअर’चा संबंध जन्म देणे या अर्थाच्या क्रियापदाशी जोडण्याचा मोह होतो. वस्तुतः तो ‘असणे’ या अर्थाच्या ‘बी’ या क्रियापदापासून आला आहे. पंधराव्या शतकात स्कॉट्स भाषेत आढळणाऱ्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘आधी असणारा’ एवढाच. (सोसणे, आवरून धरणे या अर्थाचे ‘फॉरबेअर’ निराळे, दोहोंच्या लेखनातील गोंधळ इंग्रजांनाही टळलेला नाही.) व्यवहारात तो वंशासाठीच रूढ आहे, हे खरे; परंतु त्याच्या घडणीत जन्म नाही. ‘पूर्वज’च्या घडणीत तो आहे. ‘ज’ म्हणजे जन्मलेला; संस्कृतात थोरल्या भावालाही पूर्वज म्हणतात.

जन्मावरून माणसाची जागा ठरवीत आलेल्या समाजात हा ‘ज’ निरुपद्रवी राहत नाही. डॉ. आंबेडकरांनी ‘हू वेअर द शूद्राज?’ (१९४६) हा ग्रंथ जोतीराव फुल्यांना, तर ‘द अनटचेबल्स’ (१९४८) हा नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. या चौघांत बाबासाहेबांच्या जातीचे एकटे चोखोबा. म्हणजे ही परंपरा जन्माने लाभलेली नसून विचारपूर्वक निवडलेली आहे. तिला ‘पूर्वजांची’ म्हटले की ती निवडच झाकली जाते. दलित कवितेचे मूळ चोखोबांत शोधताना आपली समीक्षा अनेकदा काव्याऐवजी जातीचाच दाखला पुढे करते, ते याच सवयीने. या नात्याविषयी दलित समीक्षेतही दुमत आहे.

साहित्यविचारात ‘पूर्वसूरी’ हा शब्द मला अधिक ग्राह्य वाटतो. ‘रघुवंशा’च्या आरंभी कालिदासाने आपल्या आधीच्या कवींसाठी तो योजला आहे. त्यात नाते वाणीचे आहे, रक्ताचे नाही. ‘सूरी’ म्हणजे पंडित, म्हणून तो चोखोबांना शोभणार नाही, असे कोणी म्हणेल. तसे म्हणणाऱ्याने पांडित्याची आपली कल्पनाच तपासावी.

अडचण उरते ती ताराबाई शिंदे यांच्यासारख्यांची. ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली प्रसिद्ध झाली, पुढे जवळजवळ विस्मृतीत गेली आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली ती पुन्हा प्रकाशात आणली. मधल्या काळातील कितीतरी लेखिकांनी ती न वाचताच लिहिले असणार. त्यांच्या दृष्टीने ताराबाईंना पूर्वज म्हणता येत नाही, पूर्वसूरी म्हणणेही जड जाते. ‘आधी असणारी’ हा त्या स्कॉट्स शब्दाचा उघडाबोडका अर्थच तेथे नेमका बसतो.