न्यायचे की घरीच ठेवायचे?

“डॉक्टर, बाबांना नागपूरला न्यायचे की घरीच ठेवायचे?” सिंदेवाहीतील माझ्या दवाखान्यात हा प्रश्न बहुधा रात्रीच येतो. दारात गाडी उभी असते. नागभीड, उमरेड ओलांडून नागपूर गाठायचे असते. वडील ऐंशीच्या पुढचे, आजार जुना आणि आता बरा न होणारा. थोरला म्हणतो, शेवटपर्यंत प्रयत्न करू. मुलगी म्हणते, आता त्यांना आणखी त्रास नको. धाकटा गप्प असतो. त्याच्या मनात धानाच्या पैशांचा हिशेब चाललेला असतो आणि असा हिशेब मनात आला याचीच त्याला लाज वाटत असते.

वाचकहो, ही वेळ आपल्यावर आली असेल, तर प्रथम एवढे ध्यानात घ्यावे की मनाची ओढाताण हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे. चांगले आणि वाईट यांतून निवडणे सोपे असते. येथे मात्र दोन्ही बाजूंना मायाच उभी असते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर त्या सुमारे ४२ वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात विनंती केली, की त्यांना या अवस्थेतून सोडवावे. ज्या परिचारिकांनी त्यांना इतकी वर्षे भरवले, न्हाऊ-माखू घातले, त्यांचे म्हणणे होते, की अरुणा आमची आहे, आम्ही तिला सांभाळू. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने परिचारिकांचे म्हणणे मानले. मे २०१५ मध्ये न्यूमोनियाने अरुणाताईंचे निधन झाले. या वादात निर्दय कोणीच नव्हते. उणीव एकच होती. ज्यांच्याविषयी निर्णय घ्यायचा, त्यांची इच्छा कोणालाही विचारता येत नव्हती.

आपल्या घरी मात्र ती अजून विचारता येते. म्हणूनच निर्णय कठीण झाला, की प्रश्न बदलावा. “मी काय करू?” असे विचारले, की मनात भीती बोलू लागते: लोक काय म्हणतील, नंतर मला पश्चात्ताप झाला तर? मग केवळ ‘काहीतरी केले’ हे दिसावे म्हणूनही आपण धावाधाव करतो. त्याऐवजी विचारावे, “बाबा शुद्धीवर असते, तर काय म्हणाले असते?” मुलांतील वाद या प्रश्नाने पुष्कळदा शांत होतो.

दुसरे असे, की डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: हा आजार उलटवता येण्याजोगा आहे का? न्यूमोनिया, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका यांत तातडीच्या उपचाराने म्हातारी माणसेही बरी होतात. वय हे एकटेच कारण मानून थांबू नये. उत्तर अनिश्चित असेल, तर उपचार सुरू करून दोन-तीन दिवसांनी पुन्हा बसून विचार करावा. आणि घरीच ठेवायचे ठरले, तरी वेदना, धाप, तहान यांवरील उपचार चालूच राहतात. यंत्रे थांबली, म्हणून शुश्रूषा थांबत नाही.

तिसरी गोष्ट नंतरच्या दिवसांची. निकाल कळल्यावर सगळे आधीच दिसत होते असे वाटते. तो मनाचा भास असतो. त्या रात्री जेवढे ठाऊक होते, तेवढ्यावरच आपल्या निर्णयाचे माप करावे. तरीही अपराधीपणाने झोप उडाली, अन्न गोड लागेनासे झाले आणि असे दोन आठवडे गेले, तर डॉक्टरांना दाखवावे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत बोलता येते.

आता ज्येष्ठांना एक विनंती. ही ओढाताण मुलांच्या खांद्यावरून उतरवणे आपल्याच हाती आहे. बरे होण्याची आशा उरली नाही आणि स्वतः बोलताही येईनासे झाले, तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची रीतही सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून हा कागद नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येतो. आपल्या वतीने कोणी बोलावे, त्याचे नावही त्यात लिहिता येते.

कागद नंतर होईल. बोलणे मात्र आजच होऊ शकते. रात्रीचे जेवण झाल्यावर मुलांना जवळ बसवावे आणि सांगावे, “माझी वेळ येईल, तेव्हा मला असे हवे आहे.” क्षणभर सगळे गप्प होतील, कोणी विषय टाळू पाहील. टाळू देऊ नका. पुढे कधी मध्यरात्री दारात गाडी उभी राहील, तेव्हा हेच शब्द त्यांना आधार देतील.